आधी पावली, मग शवासन

श्रोतेहो, ह्या भाषणाचा विषय माझ्याकडे आला तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. संथ नृत्य आणि सौम्य योगासने ह्यांची जोड घालून मनावरील ताण कसा हलका करावा, हे सांगण्यासाठी एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास पाचारण करावे, ह्याचे कोणासही नवल वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन अडतीस वर्षे मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविले, आणि २०१८ साली निवृत्त झालो. नृत्यशास्त्र मला अवगत नाही. योगाचे प्रमाणपत्र माझ्यापाशी नाही. मात्र शाळेच्या पटांगणावर मुलांकडून लेझीम मी वर्षानुवर्षे करवून घेतली आहे, आणि २०२० सालापासून रोज सायंकाळी माझ्या वडील बहिणीबरोबर दिवाणखान्यात पावली खेळून नंतर सतरंजीवर निपचित पडून राहण्याचा माझा परिपाठ आहे. एवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहे.

ताण ही केवळ मनाची बाब आहे असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. ‘मनाला लावून घेऊ नका’ असा उपदेश आपण एकमेकांस करतो तो ह्याच समजुतीने. परंतु संकटाची चाहूल लागताच जे घडते ते प्रथम शरीरात घडते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात; हृदय जलद चालू लागते, श्वास उथळ होतो, दात आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, अन्नपचनाचे काम मंदावते. समोर वाघ उभा असता तर ही सारी तयारी उपयोगी पडली असती, आणि पळून अथवा झुंजून ती खर्चीही पडली असती. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता, परगावच्या मुलाचा न आलेला फोन, किंवा रात्री दोन वाजता डोळ्यांपुढे उभे राहिलेले गतायुष्य ह्यांच्यापासून पळावयाचे कोठे? तयारी होते, ती खर्च मात्र होत नाही. ती अंगातच साठून राहते.

आता अशा माणसास ‘डोळे मिटून स्वस्थ पडा’ असे सांगितले तर काय होईल? तो पडतो खरा. पण पडल्यापडल्या त्यास स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू येऊ लागतात आणि तो अधिकच घाबरा होतो. हा अनुभव पुस्तकातला नव्हे, माझ्या घरातला आहे. त्यासाठी थोडी घरगुती हकीकत सांगावी लागेल, तिची क्षमा असावी.

माझी बहीण, तिला आम्ही सर्व आक्का म्हणतो, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे सासर वाईचे, घराणे वारकरी. माहेरी असता मंगळागौरीच्या खेळांत तिचा हात धरणारी मुलगी आमच्या गल्लीत नव्हती. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचविणे, एकही खेळ तिला वर्ज्य नव्हता. आणि गाणी तर अशी पाठ, की जागरणाची रात्र संपे पण आक्काची गाणी संपत नसत. २०१८ च्या अखेरीस तिचे यजमान वारले. मुलगा बंगळूरला नोकरीस; म्हणून पुढल्या उन्हाळ्यात मी तिला पुण्यास आमच्याकडे घेऊन आलो. त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीचे लग्न झाले, आणि २०१९ च्या श्रावणात तिची पहिली मंगळागौर आमच्या घरी झाली.

त्या रात्री बाहेरच्या खोलीत वीस-पंचवीस स्त्रिया खेळत होत्या आणि आक्का स्वयंपाकघरात मटकीच्या उसळीसाठी खोबरे खवीत बसली होती. तिला कोणी ‘येऊ नको’ म्हणाले नव्हते. कोणी ‘ये’ही म्हणाले नव्हते. मी पाणी पिण्यास आत गेलो, त्याच वेळी बाहेर पिंग्याचे गाणे मध्येच अडखळले. पुढची ओळ कोणासच आठवेना. आक्काने मान वर न करता ती ओळ खोबऱ्याच्या वाटीपाशी हलक्या आवाजात म्हटली आणि खवणे चालू ठेवले. महर्षी कर्व्यांचे चरित्र मी वर्गात कितीदा शिकविले असेल ह्याची गणती नाही. विधवांच्या शिक्षणासाठी हिंगण्यास त्यांनी केलेल्या खटपटीवर मुलांकडून निबंध लिहवून घेतले आहेत. आणि त्या रात्री, माझ्याच घरात, मी पेला पालथा घातला आणि काही न बोलता बाहेर आलो.

पुढल्या वर्षी महामारी आली आणि सर्वांचीच दारे बंद झाली. आक्काची झोप गेली. मध्यरात्री ती उठून बसे. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात म्हणे. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. रक्तदाब थोडा चढलेला होता, त्यासाठी गोळी दिली; ती आजही चालू आहे, आणि ती बंद करण्याचा सल्ला ह्या भाषणात कोठेही नाही हे मी प्रथमच सांगून ठेवतो. हृदय मात्र निर्दोष निघाले. ‘चिंता फार करतात, शवासन करावयास सांगा,’ असे डॉक्टर म्हणाले.

हा सल्ला काही पोकळ नव्हता. ‘हठप्रदीपिका’ ह्या जुन्या ग्रंथात शवासन हे थकवा हरण करणारे व चित्तास विसावा देणारे म्हणून सांगितले आहे. आमच्या महाराष्ट्रात तर त्याची शास्त्रीय परीक्षाही झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणे व इतर उपकरणे लावून तपासण्याचा उपक्रम आरंभिला. त्याचे निष्कर्ष त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ ह्या नियतकालिकातून ते प्रसिद्ध करीत. पुढे मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. दाते व त्यांचे सहकारी ह्यांनी वाढत्या रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. रुग्णांनी रोज अर्धा तास पडून, संथ व तालबद्ध श्वास घेत, नाकपुडीपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्याकडे लक्ष ठेवावयाचे. त्यांतील पुष्कळांचा रक्तदाब उतरला आणि कित्येकांच्या औषधाची मात्राही कमी करता आली. उपाय इतका साधा, आणि परिणाम इतका!

परंतु आक्काला तो साधेना. सतरंजीवर पडताच दोन मिनिटांत ती उठून बसे. ‘बाळू, पडले की सगळे अंगावर येते रे,’ असे म्हणे. मी शिक्षक, मला वाटले, हिला शिस्त कमी पडते. म्हणून एके दिवशी मी तिला उभी केली आणि शाळेच्या सवयीने, ‘सावधान! विश्राम!’ ह्या थाटात हात वर, हात खाली, एक-दोन-तीन-चार असे मोजून कवायत सुरू केली. चौथ्या अंकास आक्का थांबली आणि म्हणाली, ‘मी तुझ्या शाळेतली पोर नव्हे. आणि तूच एवढा ताठ उभा आहेस की तुझ्याकडे पाहून मला दम लागतो.’

श्रोतेहो, हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. शाळेतील ‘सावधान’ म्हणजे छाती पुढे, गुडघे ताठ, नजर समोर. त्यात अवधान कशाचे असते? शिक्षकाच्या शिटीचे. स्वतःच्या तळपायाखालची जमीन गार आहे की ऊन, श्वास कोठपर्यंत जातो, खांदे चढले आहेत की उतरले, ह्यांपैकी कशाचेही अवधान त्यात नसते. अडतीस वर्षे मी मुलांना सावधान करीत होतो आणि मला स्वतःला सावधान ह्या शब्दाचा अर्थ एका साठी उलटलेल्या बहिणीने सांगावा लागला.

तो जून महिना होता. आषाढी एकादशी त्या वर्षी १ जुलै रोजी होती. परंतु पायी वारी होणार नव्हती. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस गेल्या, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. आक्का सासरच्या मंडळींबरोबर तरुणपणी वारीस गेलेली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहता पाहता ती उठली, पदर खोचला आणि दिवाणखान्यात पावली खेळू लागली. टाळ नव्हते, तिने तोंडाने विठ्ठलनाम धरले. पावले पुढे टाकावयाची, पुन्हा मागे घ्यावयाची, अंग डावीउजवीकडे झुलू द्यावयाचे, एवढेच. पाच-सात मिनिटांनी तिला घाम आला, ती खाली बसली, मग आडवी झाली. पंधरा मिनिटे ती हलली नाही. मी घाबरून जवळ गेलो, तो तिला डोळा लागलेला.

तेव्हा मला उमजले ते असे की, आम्ही पायरी चुकलो होतो. साठलेली तयारी आधी खर्च व्हावी लागते; मग स्थिरता येते. पतंजलींनी आसन हे स्थिर आणि सुखाचे असावे असे म्हटले आहे. परंतु उसळत्या अंगाला स्थैर्य जबरीने आणता येत नाही. त्याला आधी तालावर हलू द्यावे. तालाचा गुण हा की, पुढले पाऊल केव्हा पडणार हे शरीरास अगोदर ठाऊक असते; आणि चिंतेचा सारा व्याप तर पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यातच असतो.

गाण्याचाही ह्यात वाटा आहे. ओळ म्हणावयाची तर उच्छ्वास लांबतो, आणि उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. इटलीतील बर्नार्डी ह्या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले की, रोमन कॅथलिकांची जपमाळ म्हटली काय आणि बौद्धांचा ‘ओम् मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हटला काय, दोहोंनी श्वास मिनिटास सुमारे सहा इतका संथ होतो आणि हृदय व रक्तदाब ह्यांच्या स्वाभाविक आंदोलनांशी त्याचा मेळ बसतो. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आमच्या आज्यांच्या श्वासाचे मोजमाप कोणी केले असते तर तेथेही असेच काही आढळले असते, असा माझा तर्क आहे. तो केवळ तर्क आहे, हेही सांगतो.

नृत्याचा उपचार म्हणून विचार करणे हेही आज काही अपूर्व राहिलेले नाही. अमेरिकेत मेरियन चेस ह्या नर्तकीने १९४२ पासून वॉशिंग्टन येथील एका मोठ्या मनोरुग्णालयात काम केले. जे रुग्ण कोणाशीही बोलत नसत त्यांच्यासमोर ती उभी राही. रुग्णाने जी लहानशी हालचाल केली असेल, बोटांची, मानेची, तीच आपल्या अंगाने उचलून त्यास परत देई. बोलणे नाही, उपदेश नाही. ‘तुझे मला पोचले’ एवढेच हालचालीने कळवावयाचे. १९६६ साली तेथे नृत्योपचारकांची संस्थाही निघाली. मी हे वाचले तेव्हा मला झिम्मा आठवला. झिम्म्यात दुसरे काय असते? समोरच्या हाताने जसे यावे तसे आपण सामोरे जावे, टाळी द्यावी, टाळी घ्यावी. एकट्याने झिम्मा होत नाही.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आक्काने मला झिम्मा शिकविला. साठीच्या ब्राह्मणाने दिवाणखान्यात झिम्मा खेळावा हे माझ्या पत्नीस प्रथम फार विनोदी वाटले. पण चार दिवसांनी तीही आली. पहिल्या टाळीच्या वेळी आक्काने हात पुढे केले आणि मध्येच थांबविले. दीड वर्षात तिच्या तळहातास कोणी टाळी दिलेली नव्हती. हे तिने बोलून दाखविले नाही. मला ते तिच्या हातांवरून कळले, आणि मटकीच्या उसळीची ती रात्र मला आठवली. मी म्हणालो, ‘आक्का, त्या मंगळागौरीला मी तुला बोलवायला हवे होते.’ ती म्हणाली, ‘ताल चुकवू नको.’

आता आमचा क्रम सांगतो, कारण कित्येक श्रोत्यांना तो करून पाहावासा वाटेल. आरंभी सात-आठ मिनिटे पावली, तीही अनवाणी. पहिली दोन मिनिटे गाणे नाही. पाऊल टेकताना टाच आधी लागते की चवडा, आणि भार एका पायावरून दुसऱ्या पायावर केव्हा जातो, इकडेच लक्ष. मन भटकले तर स्वतःवर रागवावयाचे नाही. पुन्हा तळपायाशी यावयाचे. मग गाणे, मग संथ झिम्मा. कोणास लेझमीचे चार हात येत असतील तर लेझमीवाचूनही ते करावेत. कमरेतून वाकताना मात्र पाठ सांभाळावी. फुगडीची गिरकी आम्ही वर्ज्य केली आहे. त्या वयात घेरी येऊन पडलो तर ताण कमी होण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाचे दर्शन घडावयाचे.

त्यानंतर आसने, तीही अगदी सौम्य. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, श्वास घेत हात वर न्यावेत, सोडत खाली आणावेत. मग खुर्चीवर बसून पाठीचा कणा सावकाश उजवीकडे व डावीकडे वळवावा. ज्यांना जमिनीवर बसता येते त्यांनी पाठीवर निजून एकेक गुडघा पोटाशी घ्यावा. श्वास कोठेही कोंडून धरावयाचा नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. डोके खाली व पाय वर अशी आसने रक्तदाबाच्या आणि काचबिंदूच्या रोग्यांनी करू नयेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला हे आमच्या पिढीस ठाऊक आहे, आणि मला त्या व्यायामाविषयी आदरच आहे. परंतु तो वेगळ्या हेतूचा आणि वेगळ्या वयाचा. ताण हलका करावयास बसलेल्या माणसाने आकड्यांच्या मागे लागू नये. हे मी सांगतो आहे तो आकड्यांतच वाढलेला मनुष्य आहे.

शेवटी शवासन, दहा मिनिटे. गुडघ्यांखाली उशी, अंगावर पातळ पांघरूण, कारण घाम सुकताना अंग गार पडते. प्रथम जबडा सोडावा. जबडा सुटला की जीभ सुटते, आणि जीभ सुटली की मनातली बडबड थोडी ओसरते, असा माझा अनुभव. ज्यास पाठीवर पडून कोंडल्यासारखे होते त्याने कुशीवर निजावे. खोलीत मंद दिवा असू द्यावा, डोळे उघडे ठेवले तरी चालतात.

ह्याने सर्व काही बरे होते, असा माझा दावा नाही. आठवडेच्या आठवडे ज्याचे कशातच मन लागत नाही, जेवण सुटले आहे, जगणे नकोसे वाटते, त्याने पावली खेळत बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावे. आणि घरच्यांनी त्यास एकट्याने जाऊ देऊ नये. पहिल्या चार-पाच महिन्यांत आक्काही कितीदा रात्री उठून बसली. फरक इतकाच पडला की, पूर्वी ती दिवा लावून पहाटेपर्यंत बसून राही, आणि पुढे पुढे ती अंधारातच पावले पुढेमागे टाकी व पुन्हा अंथरुणावर येई. मी जागा असलो तर तो आवाज ऐकत पडे.

त्या आवाजाबद्दल तक्रारही आली, हे सांगितले पाहिजे. सदनिकांच्या इमारतीत आमची जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत. खालच्या मजल्यावरील काकू एके दिवशी वर आल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, रोज संध्याकाळी तुमच्याकडे धमधम कसली होते?’ मी दिलगिरी व्यक्त केली, दुसऱ्याच दिवशी जाड सतरंजी आणली, आणि पावली टाच न आपटता खेळावयाची असा नियम केला. नियमाने खेळ सुधारला, कारण पाऊल अलगद टेकावयाचे तर लक्ष आपोआपच पावलाकडे जाते.

त्याच काकूंच्या सुनेची पहिली मंगळागौर गेल्या श्रावणात झाली. हल्ली हे खेळ करून दाखविणारी मंडळे असतात, साड्याही एका रंगाच्या. तशा एका मंडळास त्यांनी बोलाविले होते. परंतु आदल्या दिवशी काकू वर आल्या, माझ्याकडे न पाहता आक्काकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘मंडळवाल्या बायका तासाभरात जातील हो. पुढे रात्रभर कोण खेळवणार? गाणी कोणाला येतात? तुम्ही या.’ आक्का क्षणभर गप्प राहिली. मग तिने आपले कपाळ, आपला गळा, ह्यांकडे बोट केले. शब्द काढला नाही. काकू म्हणाल्या, ‘ते मला दिसते आहे. सुनेनेच सांगितले आहे, तुम्हाला घेतल्याशिवाय येऊ नका म्हणून.’

‘गुडघा पाहून खेळेन,’ आक्का म्हणाली. ‘फुगडी नाही. झिम्मा.’

त्या रात्री माझी पत्नीही खाली गेली. मी एकटाच वर होतो. पावली झाली, भिंतीपाशी हात वर-खाली झाले, मी सतरंजीवर आडवा पडलो. पण शवासन काही केल्या लागेना. खालून टाळ्यांचा आणि पावलांचा आवाज मध्यरात्र उलटून गेली तरी येत होता, आणि मधूनमधून गाणे अडखळले की एकच आवाज पुढची ओळ मोठ्याने उचलून देत होता. धमधमीची तक्रार घेऊन मी खाली गेलो नाही.